हे गाणं कुणाचं? वाचनालयातल्या वहीच्या नोंदी

३ जून

आजपासून वही सुरू. झालं असं की मे महिनाभर काउंटरवर बसून एक लक्षात आलं, पेपर वाचायला येणारी माणसं पुस्तकाचं एकदा विचारत असतील तर गाण्याचं नाहीतर सिनेमाचं चारदा विचारतात, आणि मी दरवेळी मोबाईल काढून पहिलं जे दिसेल ते सांगून मोकळी होते, मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन म्हणतं ताई ते चुकलं बरं का तुमचं. ग्रंथपाल मॅडमना म्हटलं वही ठेवूया का, प्रश्न आला की लिहायचा, उत्तर नीट शोधायचं, तोच प्रश्न परत आला की वही उघडायची. मॅडम म्हणाल्या ठेव, पण वर्गणीच्या पावतीबुकाजवळ नको, मागच्या वेळी दोन्हीवर चहा सांडला होता.

दोनशे पानी वही. रकाने तीन: प्रश्न, कुणाचं, कशावरून. कशावरून म्हणजे पुरावा. रेकॉर्डचं कव्हर, कॅसेटचं कव्हर, सिनेमाच्या सुरुवातीची नावं, असलं काहीतरी पाहिजे. ग्रुपवर आलंय हे चालणार नाही. एका जुन्या सभासदांनी दिलेल्या एलपी आणि कॅसेटी मागच्या कपाटात दोन खोक्यांत पडून आहेत, त्यांना यानिमित्ताने वारा लागेल.

६ जून

पहिल्याच प्रश्नाला रकाने मोडले.

प्रश्न साधा होता. 'ऐरणीच्या देवा तुला' कुणाचं? विचारलं एका बाईंनी, पण उत्तर द्यायला तिघं जण पुढे. पेपर वाचत बसलेले मास्तर म्हणाले लताबाईंचं. शेजारचे म्हणाले छे, जयश्री गडकरचं, भाता ओढतानाचं. आणि रेडिओ रिपेअरवाले काका (यांचं दुकान आता बंद असतं पण ते उघडं असल्यासारखेच वागतात) चष्मा पुसत म्हणाले खेबूडकरांचं. भांडण लागलं. मजा म्हणजे तिघंही बरोबर. लिहिलं जगदीश खेबूडकरांनी, गायलं लतानी, पडद्यावर जयश्री गडकर, सिनेमा भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं', १९६५.

म्हणजे 'कुणाचं' या एका शब्दात प्रत्येकाला वेगळं माणूस दिसतं. वयावरही आहे बहुतेक. म्हाताऱ्या बायका नटीचं नाव घेतात, साठीतले पुरुष गायकाचं, कॉलेजची पोरं सरळ संगीतकाराचं, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुणीच घेत नाही, काका सोडून. रात्री पट्टी घेऊन रकाने परत आखले. लिहिलं, चाल, गायलं, पडद्यावर. जागा कमी पडली म्हणून 'कशावरून' पानाच्या खाली ढकललं.

चालीचा रकाना मात्र आज रिकामा ठेवलाय, कारण कव्हरवर आहे 'आनंदघन' आणि बाईंनी लगेच विचारलं आनंदघन म्हणजे कोण हो.

७ जून

आनंदघन म्हणजे लताबाईच. मला माहीत होतं पण पुराव्याशिवाय लिहायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे एक दिवस गेला. स्वतःच्या नावाने त्यांनी आधी 'राम राम पाव्हणं' ला संगीत दिलं होतं, १९५० साली, मग साठीच्या दशकात भालजींच्या सिनेमांसाठी हे टोपणनाव घेतलं. मोहित्यांची मंजुळा, मराठा तितुका मेळवावा, साधी माणसं, तांबडी माती. 'साधी माणसं' ला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं तेव्हा पडदा उघडला, की हा जो कोण आनंदघन आहे तो खाली प्रेक्षकात बसलेल्या लताबाई आहेत.

बाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या मग स्वतःच चाल लावायची नि स्वतःच गायचं, बरंय की. म्हटलं तसं पण नाही, 'रेशमाच्या रेघांनी' बघा, 'मराठा तितुका मेळवावा' मधलं, शांताबाई शेळक्यांनी लिहिलंय, चाल आनंदघनची आणि ते गायला दिलं आशाबाईंना. बाई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मोठीनं धाकटीला दिलं. बहिणीबहिणीत एवढं चालतं होय?" आणि पुस्तक न घेताच गेल्या.

१४ जून

आज एक आजी आल्या, पासष्टीच्या पुढच्या, सभासद नाहीत, नातवाला घेऊन आलेल्या. त्यांचा प्रश्न वहीत लिहिताच आला नाही. शब्द आठवत नाहीत, सिनेमाचं नाव नाही, नुसतं गुणगुणून दाखवलं आणि तेही नातवाला लाज वाटतीय म्हणून हळू. मोबाईलला ऐकवलं तर त्याने कुठलंतरी इंग्रजी गाणं काढून दाखवलं. पान कोरं सोडून वर 'आजी' एवढंच लिहून ठेवलंय.

१७ जून

माझी चूक. प्रामाणिकपणे नोंदवते.

परवा एक जण विचारून गेला की 'मैंने प्यार किया' चे संगीतकार राम-लक्ष्मण सख्खे भाऊ का. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं भाऊ नव्हेत, राम म्हणजे आपले राम कदम, पिंजरावाले. वहीत पण लिहिलं, 'कशावरून' मध्ये काहीच नाही, म्हणजे नियम करणाऱ्याने नियम मोडला. आज काकांनी वही चाळली आणि ते पान उघडून माझ्यापुढे नुसतं धरलं. बोलले काही नाहीत. ते जास्त लागलं.

खरं असं आहे. राम कदम वेगळे, ते 'पिंजरा' चे (१९७२), त्यांचा या जोडीशी संबंध नाही. राम-लक्ष्मण मधले राम म्हणजे सुरेंद्र नावाचे संगीतकार आणि लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. जोडीला हे नाव दिलं दादा कोंडक्यांनी, 'पांडू हवालदार' च्या वेळी, १९७५. पुढे सुरेंद्र लवकर गेले आणि विजय पाटलांनी एकट्याने काम करताना सुद्धा जोडीदाराचं नाव काढलं नाही, तसंच ठेवलं राम-लक्ष्मण. म्हणजे 'मैंने प्यार किया' (१९८९) आणि 'हम आपके हैं कौन' (१९९४) ही दोन्ही एकट्या माणसाची कामं, दोघांच्या नावाची. पाटील २०२१ च्या मे महिन्यात नागपुरात वारले.

चुकीचं पान फाडणार होते पण काका म्हणाले, "फाडू नको पोरी, काट मार आणि शेजारी लिही. आम्ही सर्किट चुकलं तर बोर्ड टाकून देत नव्हतो." काट मारली. ज्याला सांगितलं होतं तो माणूस कोण ते आठवत नाहीये, तो आता गावभर राम कदम सांगत फिरत असणार.

१८ जून

कालच्यावरून काकांनीच एक प्रश्न टाकला, होनाजी बाळा किती जण? मला वाटायचं होनाजी नाव आणि बाळा लाडाचं. तर दोन माणसं आहेत! होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा करंजकर गायचा, पेशवाईच्या शेवटच्या काळातले शाहीर. 'घनश्याम सुंदरा' भूपाळीमुळे घराघरात गेलेलं नाव, व्ही. शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी' (१९५१) सिनेमा त्याच्यावरच. म्हणजे इथे दोन माणसं मिळून एक नाव, तिकडे लताबाई एकच माणूस आणि नावं दोन, आणि राम-लक्ष्मण तर दोनाचे एक झाले तरी नाव दोघांचंच. डोकं गरगरलं. वहीच्या शेवटी 'नावांचा घोळ' म्हणून वेगळी चार पानं सोडली.

२८ जून

वारीचे दिवस, वाचनालय अर्धं रिकामं. पण आज जो प्रश्न आला तो आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी. एक कीर्तनकार बुवा आले, पालखीला निघण्याआधी, म्हणाले तुकोबांची गाथा द्या जरा, एक अभंग सापडत नाही. कुठला? 'आधी बीज एकले'. बसले गाथा घेऊन खिडकीपाशी. आधी मागची अनुक्रमणिका, अ आणि आ दोन्ही बोट फिरवून बघितलं, मग दुसरी प्रत मागितली, मग मला म्हणाले ही छापाची चूक असणार, तिसरी आहे का.

मी गप्प बसले होते कारण बुवांना कसं सांगायचं हेच कळेना. उत्तर वहीत नव्हतं पण कॅसेटच्या कव्हरवर होतं. हे गाणं 'संत तुकाराम' सिनेमातलं, प्रभातचा, १९३६, विष्णुपंत पागनीसांचा, आणि लिहिलंय शांताराम आठवल्यांनी. चाल केशवराव भोळ्यांची. तुकोबांचं नाहीच. प्रसंगासाठी अभंगासारखं गाणं पाहिजे होतं, आठवल्यांनी ते इतकं बेमालूम लिहिलं की लोकांनी ते तुकोबांच्या पदरात टाकून दिलं.

शेवटी कव्हर नेऊन दिलं त्यांच्या हातात. बुवांनी ते लांब धरून वाचलं, मग डोळे मिटून अख्खं गाणं मनातल्या मनात म्हटलं, ओठ हलत होते, आणि शेवटाला येऊन थांबले. म्हणाले, "मुद्रिकाच नाही की हो याला. तुका म्हणे नाही. चाळीस वर्षं म्हणतोय मी, आणि शेवट मोकळा आहे हे कधी टोचलं नाही." चिडले नाहीत. कव्हरवर बघून शांताराम आठवले हे नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी टोपीत ठेवली. कीर्तनात सांगणार का विचारायचं होतं, राहिलं.

४ जुलै

सुलोचना. आज तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच नाव तीन अर्थाने विचारलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, दोघांनी विचारलं. पण माणसं तीन आहेत. एक सुलोचना चव्हाण, लावणीवाल्या, पूर्वीच्या कदम, २०२२ च्या डिसेंबरात गेल्या, त्याच वर्षी पद्मश्री. दुसऱ्या सुलोचनादीदी लाटकर, पडद्यावरची आई, २०२३ च्या जूनमध्ये गेल्या. सहा महिन्यांच्या आत दोघी, आणि एकीच्या श्रद्धांजलीच्या पोस्टला दुसरीचा फोटो मी स्वतः बघितलाय, खाली चारशे लोक हात जोडून. तिसऱ्या मूकपटातल्या, खरं नाव रूबी मायर्स, पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, १९७३ चा.

वहीत युक्ती लिहिली: गायली का रडली ते विचारा. मॅडमना आवडली नाही. खोडली, पण तोंडी वापरते.

५ जुलै

तसंच सोनाली कुलकर्णी. 'दोघी' (१९९५) आणि 'दिल चाहता है' वाली वेगळी, 'नटरंग' मधली अप्सरा वेगळी. एवढंच. हा प्रश्न आठवड्याला येतो, फोटोकॉपी काढून भिंतीवर लावावी.

१६ जुलै

संगीतकार वसंत कोण, असा प्रश्न. नुसतं वसंत! फोनवर. म्हटलं आडनाव? म्हणे तेच तर विचारतोय.

आता हे सोपं नाहीये. वसंत देसाई आहेत, वसंत प्रभू आहेत, वसंत पवार आहेत, तिघंही साधारण एकाच काळात मराठीत जोरात. वसंतराव देशपांडे गायक, ते धरायचेच नाहीत. मी फोन धरून तीन प्रश्न विचारले. सिनेमातलं का रेडिओवरचं? रेडिओवरचं असं वाटतं. लावणी का? नाही हो, तांब्यांची कविता. झालं, वसंत प्रभू. 'मधु मागशी माझ्या सख्या परि' किंवा 'कळा ज्या लागल्या जीवा', दोन्ही भा. रा. तांबे, वसंत प्रभू, लता. त्यांना दुसरं पाहिजे होतं.

रात्री खूण लिहून ठेवली. शांतारामबापूंचे सिनेमे, 'श्यामची आई', 'ऐ मालिक तेरे बंदे हम', तिथे देसाई. भावगीत आणि लताबाईंचा कोवळा आवाज, तिथे बहुतेक प्रभू. ढोलकी आली, 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'बुगडी माझी सांडली ग', तिथे पवार. आणि हे सगळं व्यवस्थित लावून झाल्यावर काका म्हणाले चौथा राहिला, वसंत अवसरे. म्हटलं हा कुठला संगीतकार? म्हणाले संगीतकार नव्हे, गीतकार, डॉक्टर वसंत अवसरे, आणि हसायला लागले. शांताबाई शेळके! सिनेमाच्या गाण्यांसाठी घेतलेलं टोपणनाव. म्हणजे चौथा वसंत बाई निघाला. नावांच्या घोळाची चार पानं आज भरली.

२३ जुलै

कॉलेजचा घोळका. 'चिकनी चमेली' 'कोंबडी पळाली' वरून चोरलं का? चोरलं कसं, दोन्ही अजय-अतुलचीच, स्वतःची 'जत्रा' मधली चाल 'अग्निपथ' ला (२०१२) परत वापरली. स्वतःच्या घरात कसली चोरी. मराठीत वैशाली सामंत आणि आनंद शिंदे, हिंदीत श्रेया घोषाल. मग 'सैराट' मधलं वाद्यवृंदाचं संगीत खरंच अमेरिकेत झालं का. हो, लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टेजवर, तिथल्या वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्डिंग. 'झिंगाट' कुणी लिहिलं? तेही अजय-अतुल, चालही त्यांची, गायलंही त्यांनीच. चार रकान्यांपैकी तीन रकान्यांत एकच नाव, वहीत पहिल्यांदाच असं झालं. पोरांना यात काही विशेष वाटलं नाही, ती झेरॉक्स काढायला आली होती.

३० जुलै

पंधरा ऑगस्ट जवळ आला, शाळांची धावपळ. एका शाळेच्या बाईंना राज्यगीत हवं होतं आणि त्या 'बहु असोत सुंदर' बसवत होत्या. ते कोल्हटकरांचं, श्रीपाद कृष्ण, सुंदरच आहे, पण राज्यगीत 'जय जय महाराष्ट्र माझा', राजा बढे, चाल श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, शिवजयंतीपासून. अख्खं नाही, दोनच कडवी, १ मिनिट ४१ सेकंदात बसतं. सेकंदांवर बाई खूश, कार्यक्रम लांबतो म्हणे.

त्याच बाईंच्या निवेदनाच्या कागदावर 'मी डोलकर' पुढे 'पारंपरिक कोळीगीत' लिहिलेलं. पेनाने दुरुस्त करून दिलं. शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, आवाज हेमंतकुमार आणि लता. कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्या आजीने जात्यावर म्हटलेलं नाही ते, स्टुडिओत झालंय. शांताबाईंचं असं फार होतं, गाणं इतकं लोकांचं होऊन जातं की बाईच पुसली जाते. आठवल्यांचं तसंच झालं. मी कागदावर शांताबाईंचं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं, मुद्दाम.

६ ऑगस्ट

'सूर निरागस हो' वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात आहे का? नाही, असणार नाही. 'कट्यार काळजात घुसली' नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, 'घेई छंद मकरंद' त्यातलं. 'सूर निरागस हो' २०१५ च्या सिनेमासाठी नवं केलं, शब्द मंगेश कांगणे, चाल शंकर-एहसान-लॉय. विचारणारे गृहस्थ ऐकून घेईनात, म्हणाले मी नाटकात स्वतः ऐकलंय, गणपती समोर होता. आता यावर काय बोलणार. वहीत लिहिलं, सही घेतली नाही.

१२ ऑगस्ट

आजी परत आल्या. या वेळी नातू नव्हता.

वसंतवाल्या फोनवरून मला एक अक्कल आली होती, की उत्तर शोधण्याआधी आपणच विचारत सुटायचं. म्हटलं आजी, कुठे ऐकलं होतं हे? लग्नात. कुणाच्या? माझ्या. बायका म्हणत होत्या का? नाही ग, बँडवाले. जेवणं चालू असताना का कधी? नाही, शेवटी, गाडीत बसताना. हे म्हणताना त्यांनी पिशवीचा बंद दोनदा बोटाला गुंडाळला नि सोडला.

पाठवणीला बँडवाले काय वाजवतात हे या भागात कुणालाही विचारा. कपाटातली एलपी लावायला प्लेअर बंद, म्हणून मोबाईलवरच लावलं, 'गंगा यमुना डोळ्यात उभ्या का'. पहिल्या ओळीलाच मान हलवली. पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाल्या, हेच, पण आमच्या वेळी लई जोरात होतं.

जूनपासून कोरं ठेवलेलं पान काढलं आणि त्यांच्यासमोरच भरायला घेतलं. लिहिलं: पी. सावळाराम (खरं नाव निवृत्ती रावजी पाटील, हेही घोळाच्या पानात घालायचंय). चाल: वसंत प्रभू. गायलं: लता. पडद्यावर: रेघ मारली. आजी वाकून बघत होत्या, वाचता येतं का नाही ते मी विचारलं नाही, मीच मोठ्याने वाचून दाखवलं.

"आणि बँड कुणाचा होता ते?"

म्हटलं ते नसतं लिहीत आजी. तर म्हणाल्या, "लिही की. कोल्हापूरहून आणला होता माझ्या बापानं. पाऊस लागला तरी थांबले नाहीत."

पाचवा रकाना आखायला जागा नाहीये. खाली 'कशावरून' मध्ये लिहिलंय: बँड, कोल्हापूरचा, पावसात.

उद्या प्लेअर काकांच्या दुकानात न्यायचाय, बेल्ट गेलाय म्हणतात.